आजींना दहा मिनिटं एकटं बोलू द्या

शेतकरी बंधू-भगिनींनो,

ज्वारीत खोडकिडा दिसला की आपण बांधावरून पाहून परतत नाही. वाळलेला पोंगा उपसतो, ताट चिरून पाहतो. म्हाताऱ्या माणसाचं दुखणंही पुष्कळदा असंच आतलं असतं. म्हणून आज पिकाऐवजी त्याबद्दल चार शब्द.

आशाताई, आरोग्य सेविका, कधी डॉक्टरही घरी येऊन म्हाताऱ्यांचा रक्तदाब नि साखर तपासतात. अशा वेळी बाई म्हणाल्या, "आजींशी मी जरा एकटीच बोलते," तर काही घरांत कपाळाला आठ्या पडतात. आमच्यावर संशय घेता काय, असा सूर निघतो. मंडळी, राग मानू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात साठीपुढच्या दर सहा माणसांत सुमारे एकाला वर्षभरात कुठला ना कुठला छळ सोसावा लागतो.

छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे. वेळेवर भाकरी न देणं, औषध न आणणं, येता-जाता टोचून बोलणं, श्रावणबाळ योजनेचा पगार परस्पर खर्चून टाकणं, फसवून अंगठा घेणं, हाही छळच. तो करणारा पुष्कळदा घरचाच असतो. त्याच्यादेखत आजी एवढंच म्हणणार, "सगळं बरं आहे, बाई."

कॅनडातल्या डॉक्टरांनी २००८ साली यासाठी सहा प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. आपल्या बोलीत तिचा मतलब असा : गेल्या वर्षभरात

१. अंघोळ, जेवण, बाजार, बँक यांसाठी कुणावर अवलंबून राहावं लागलं का?
२. अन्न, कपडे, औषध, चष्मा, किंवा आपल्या माणसांची भेट कुणी अडवली का?
३. लाज किंवा धाक वाटेल असं कुणी बोललं का?
४. मनाविरुद्ध कागदावर सही घेतली किंवा पैसे वापरले का?
५. कुणाची भीती वाटली, कुणी हात उगारला, नको तसा स्पर्श केला का?

सहावा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःला विचारायचा : माणूस नजर चुकवतो का, खंगला आहे का, अंगावर वळ आहेत का, कपडे मळके आहेत का, औषधं तशीच पडली आहेत का?

पहिल्याला 'हो' आलं तर तो नुसता परावलंबीपणा. पुढच्या पाचांपैकी एकालाही 'हो' आलं तर अधिक चौकशी हवी. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. म्हातारी कातडी नाजूक असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जरा धक्क्यानंही काळंनिळं पडतं. म्हणून आरोग्य सेविकेनं तिथंच मुलाला फैलावर घेऊ नये. ती गेल्यावर त्याचा राग आजींवरच निघेल. आजींना काय हवं ते विचारावं आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगावं. जिवाला धोका दिसला तर मात्र ११२ वर पोलिसांना कळवावं.

सूनबाईंचीही विचारपूस व्हावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं एकटीनं करायचं, वर रानातलं कामही सांभाळायचं, तर माणूस चिडतंच. तिथं दटावणीपेक्षा नणंद-दिरांनी पाळी वाटून घेणं जास्त उपयोगी.

कायद्याचंही सांगून ठेवतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं मुलांकडून पोटगी मागता येते. अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे करायचा. जमीन बक्षीसपत्रानं द्यायची असेल तर 'आम्हाला सांभाळावं' ही अट त्या कागदातच लिहून घ्या. मग सांभाळ झाला नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. तोंडी भरवशावर अंगठा देऊ नका. सल्ल्यासाठी ज्येष्ठांकरिता १४५६७ हा फुकट फोन आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला आरोग्य सेविका आल्या की चहा ठेवायच्या निमित्तानं आत जा, पोरांनाही अंगणात धाडा. घरात सगळं नीट असेल तर त्या दहा मिनिटांत आपलं काही बिघडत नाही. नीट नसेल तर आजींना बोलायला तेवढीच जागा मिळते.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी