वाडा कोण पाडतो?

१/५ पावसाळ्यात जुन्या नाशकात वाडा कोसळला की दोनच आरोपी उभे केले जातात: भाडे न वाढवणारा भाडेकरू आणि दुरुस्ती न करणारा मालक. खरा आरोपी आहे गोठवलेले भाडे.

२/५ १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या दराशी बांधले. टंचाईच्या काळात ते न्याय्यच होते. मात्र तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत अर्धशतक टिकला.

३/५ ‘हा कायदा भाडेबुडव्यांचा’ हा आरोप निराधार आहे. संरक्षण मिळे ते प्रमाण भाडे देणाऱ्याला किंवा देण्यास तयार असणाऱ्याला. थकबाकीसाठी नोटीस देऊन मालकाला दावा लावता येई.

४/५ सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही गोठवणूक अवाजवी ठरवली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. महिना २० रुपये भाडे असेल, तर ही वाढ होते ८० पैसे! त्यात सागवानी तुळई कशी बदलावी?

५/५ वाद मिटवायचा तर भाडे आणि दुरुस्तीचा खर्च एकाच हिशेबात मांडावा लागेल. तोवर मालक आणि भाडेकरू न्यायालयात भांडत राहतील, आणि वाडा निकालाची वाट पाहणार नाही.