भिंतीवरच्या मुंग्या

जुन्या टीव्हीवर अँटेना हलला की मुंग्या यायच्या, आठवतंय? माझ्या मावसभावाला तशा मुंग्या कोऱ्या भिंतीवर दिसतात. हलत्या हातामागे प्रतिमा रेंगाळतात, दिव्यांना वलयं येतात. एलएसडी सोडून चार वर्षं झाली तरी! डोळे तपासले, एमआरआय झाला, सगळं नॉर्मल. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत हा विकार १९८७ पासून आहे. 'एचपीपीडी' हे नाव आमच्या घरात मात्र फार उशिरा आलं.

नातेवाइकांचे शेरे दोनच. 'वेड लागलंय' आणि 'भोग आता कर्माची फळं'. पहिला साफ चूक. दिसतंय ते खरं नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, वेडात नेमकं तेच कळत नाही. आणि दुसरा... टोमण्यांनी ताण वाढतो, ताण वाढला की मुंग्याही वाढतात. (कर्माचा हिशोब ठेवणाऱ्यांनी हेही मांडावं!)

हमखास औषध नाही. वेळेवर झोप, गांजापासून लांब राहणं आणि 'आज किती दिसतंय' हे सारखं तपासत न बसणं, एवढ्याने त्याचं बरंच निभावतं.

तेव्हा मंडळी, दिवाळीला तो आला की 'अजून दिसतं का रे?' विचारू नका. सरळ पत्ते काढा. चॅलेंजमध्ये तो अजूनही सगळ्यांना गंडवतो.