टायटॅनिकच का?

मंडळी, आमच्या बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही. खारं पाणी बघायचं तर लोणार गाठावं लागतं! पण मेहकर-खामगावच्या शाळकरी पोराला विचारा, टायटॅनिक कधी बुडाली, कशावर आदळली, चिमण्या किती, सगळं तोंडपाठ. माझ्या भाच्यालाही दिवाळीला तिचंच किट हवंय.

किटबद्दल तक्रार नाही. १:४०० च्या प्रमाणात २६९ मीटरचं जहाज ६७ सेंटिमीटरचं होऊन टेबलावर येतं. ते जोडायला चिकाटी लागते, हात बसतो, ड्रॉइंग वाचता येतं. तक्रार आपल्या निवडीबद्दल आहे. १५ एप्रिल १९१२ ला पंधराशेहून जास्त माणसांसकट बुडालेलं जहाज आपल्याला माहीत. त्याच एप्रिलची ५ तारीख विचारली की सगळे गप्प!

तर ऐका. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाची एक आलिशान बोट १८९१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या ताफ्यात आली. पांढरंशुभ्र अंग, दोन चिमण्या, तीन डोलकाठ्या. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती घेतली, 'लॉयल्टी' हे नाव देऊन तिचं इस्पितळ-जहाज केलं. पुढे सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी ती विकत घेतली आणि ५ एप्रिल १९१९ ला सिंधिया कंपनीची ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. समुद्रावर इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी होती तेव्हाची ही गोष्ट. म्हणून तर १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे. बोट जुनी होती, १९२३ मध्ये भंगारात गेली. वालचंद मात्र थांबले नाहीत. त्यांनी विशाखापट्टणमला गोदी उभारली, तिथून १९४८ मध्ये 'जलउषा' पाण्यात उतरली.

आता बोला, यात किट बनवण्यासारखं काय कमी आहे?

कोणी म्हणेल, बुडण्यातच नाट्य असतं राव. ठीक. मग 'रामदास' आठवा. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, सहाशेहून जास्त माणसं गेली. तिचं किट मागितलंय कुणी?

दुसरा म्हणेल, साचा बनवायला लाखो रुपये लागतात, बाजार कुठाय? हे प्लास्टिकच्या साच्याबद्दल खरं आहे. पण पुठ्ठ्याच्या मॉडेलला साचा लागत नाही, थ्री-डी प्रिंटरलाही नाही. जुने फोटो आहेत, कॅड आपल्याला येतं, शनिवार-रविवार आपल्याकडे आहेत. १:४०० ला लॉयल्टी जेमतेम ३५ सेंटिमीटरची होते. म्हणजे अडचण पैशाची नाही, आपल्या सवयीची आहे. कुणीतरी सुटे भाग पाठवायचे, सोबत सूचनांचा कागद द्यायचा आणि आपण नंबर बघून जोडायचे. ऑफिसात पाच दिवस तेच करतो, सुट्टीतही तेच!

पोरांच्या टेबलावर जे उभं असतं, तेच त्यांना मोठं वाटतं. दुसऱ्याचं बुडालेलं जहाज की आपलं निघालेलं, हे ठरवणारे आपणच आहोत.

भाच्याला त्याचं किट मिळेल, पोराचा हिरमोड कशाला. पण शेजारी लॉयल्टीही उभी राहिली पाहिजे. कॅड येणाऱ्या दोन-चार जणांनी हात वर करा. काऊन बे, जमत नाही का?