उजेडही उचलीवर?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वडवणीतल्या माझ्या बॅटरीच्या दुकानात ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी होते. ऊसतोडीची टोळी साखर कारखान्याला निघायच्या आत बॅटरीत पाणी भरायचं असतं, टर्मिनल घासायचे असतात. यंदा एकानं विचारलं, "भाऊ, ह्याच बॅटरीवर चालंल असा इन्व्हर्टर हाय का? कोपीत लाईट पायजे. पोरगी धाव्वीला हाय, संगं न्यावी लागती."

मी दिला नाही. ट्रॅक्टरची बॅटरी सेल्फ मारण्यापुरती असते. क्षणभर मोठा करंट द्यायचा आणि इंजिन चालू झालं की पुन्हा भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. रात्रभर तिच्यावर बल्ब चालवले तर प्लेटा खराब होतात. पहाटे गाडी उठली नाही तर खेप बुडते. शिवाय इन्व्हर्टर १२ व्होल्टचे २३० करणार आणि मोबाइलचा चार्जर त्याचे परत ५ करणार. दोन्हीकडं वीज वाया.

त्यापेक्षा मी सुचवलं: ४० अँपिअर-अवरची वेगळी बॅटरी, १२ व्होल्टचे पाच वॅटचे दोन बल्ब, गाडीत लावतात तसला चार्जर, मधे फ्यूज आणि वर ५० वॅटचं सोलर पॅनेल. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, उघडी वायर मात्र नको, ठिणगी पडली की संपलं. माझी आई कोपीत पहाटे तीनला चिमणीच्या उजेडात भाकरी थापायची, तेव्हा आमचा अर्धा जीव त्या ज्योतीवर असायचा.

रानात राहायच्या सोयींचं म्हणाल तर २०२१ साली राज्यानं कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरच्या घरातून, पर्यटनाचं धोरण आणलं. शहरातल्या माणसाला दोन रात्री रानात काढायच्या तर सरकार सोयींचा विचार करतं. बीडची माणसं पाच-सहा महिने रानात राहतात, तेही कामासाठी. त्यांनी तोडलेल्या उसाच्या चोथ्यावर (बगॅसवर) कित्येक कारखाने वीज करतात, उरलेली महावितरणला विकतात आणि गेटाबाहेरच्या कोप्या अंधारात असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. दर कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला, हा उजेडाचा संच कारखान्यानं द्यावा. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे निधी घेतला जातो, त्यातून दिला तरी चालेल.

त्या ट्रॅक्टरवाल्यानं शेवटी संच नेला. पैसे कुठून आणले विचारलं, तर म्हणाला, "मुकादमाकडनं उचल वाढवली." उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम; पोरीच्या अभ्यासाचा उजेड आता नवरा-बायको ऊस तोडून फेडणार.