डोंगराच्या पोटातला राजा



मध्यंतरी नांदेडच्या एका शाळेत गोष्टी सांगायला गेलो होतो. तास संपता संपता सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. तिने टीव्हीवर जॉर्डन देशातलं पेट्रा शहर पाहिलं होतं. "सर, तिथे डोंगरात राजाची कबर कोरलीय. मग आपल्या लेण्यांतही राजे पुरलेत का हो?"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी नाही हसलो. प्रश्न झकास होता.

पेट्राची ती इमारत सुमारे २००० वर्षांपूर्वीची. नबाती लोकांनी ती लाल-गुलाबी डोंगरात कोरली. उंची जवळजवळ ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजले! ती बहुधा त्यांच्या राजाची कबर असावी, असं जाणकार म्हणतात. आपल्याकडचे जुने राजे मात्र गेल्यावर अग्नीच्या स्वाधीन होत. त्यामुळे डोंगर कोरले ते देवांसाठी, भिक्षूंसाठी. बादशाही कबरी मराठवाड्यात आहेत, पण त्या कोरलेल्या नाहीत. बीबी का मकबरा बांधलेला आहे. आणि एवढा मोठा औरंगजेब बादशहा, त्याची खुलताबादची कबर तर उघड्या आकाशाखाली, अगदी साधी.

तरी त्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून पुढच्या रविवारी लातूरहून एसटी धरली आणि औसा ओलांडून निलंग्याच्या रस्त्याला खरोश्याला उतरलो.

खरोश्याची लेणी तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलीत? वेरूळ-अजिंठ्याला सहली जातात, इथे फार कमी येतात. लेणी साधारण १४०० वर्षांपूर्वीची. गंमत म्हणजे वेरूळचा दगड काळा, इथला तांबडा! हा जांभा. कोकणात घरांना वापरतात ना, तोच. ताजा खणला की मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. कोरायला सोपा, पण त्याला बारीक बारीक छिद्रं असतात. पाणी मुरतं, कडा झिजतात. त्यामुळे इथल्या देवांचे चेहरे पुसट झालेत. नाकडोळे शोधावे लागतात.

आत गेलात तर आधी वर बघा. पाथरवट छतापासून सुरुवात करत आणि कोरत कोरत खाली येत. म्हणजे परांची बांधायला नको. पण चूक झाली की संपलं! घर बांधताना दगड वाकडा बसला तर काढून पुन्हा बसवता येतो. लेण्यात सांधाच नसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच औसा तालुक्यात किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीची घरं कोसळून हजारो माणसं गेली. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ती पहाट ते विसरलेले नाहीत. ही लेणी मात्र डोंगराचाच भाग, ती अजून उभी आहेत.

मी खांब बघत होतो, तेवढ्यात ठकठक ऐकू आलं. गावातला एक पोरगा हातात धोंडा घेऊन खांब वाजवून पाहत होता.

"काय रे, काय करतोस?"

"काका, पांडवांनी एका रात्रीत ही लेणी केली. जाताना धन ठेवलंय म्हणे आत. पोकळ वाजतं का बघतोय."

मी त्याला जवळ बसवलं आणि पेट्राचीच गोष्ट सांगितली. त्या इमारतीच्या माथ्यावर दगडी कलश आहे. त्यात सोनं आहे असं समजून लोकांनी त्याच्यावर बंदुका झाडल्या. गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. कलश निघाला भरीव! पुढे २०२४ साली तिथल्या जमिनीखाली एक कबर सापडली. तिच्यात १२ माणसांचे सांगाडे होते आणि जवळ मातीची, ब्राँझची, लोखंडाची वस्तू-भांडी. "आणि एका रात्रीत म्हणतोस, मग इथे वर्षानुवर्षं हात फोडून घेणाऱ्या पाथरवटांनी काय केलं रे?"

पोरगा भिंतीवरच्या टाकीच्या खुणांवर बोट फिरवू लागला. धोंडा खाली ठेवला होता.

आता खरं सांगतो. त्याला रागवायला मला तोंड नव्हतं. तुमच्याएवढा असताना मी सहलीला इथेच आलो होतो. गुरुजींची पाठ वळताच एका खांबावर खिळ्याने स्वतःचं नाव कोरलं होतं. त्या दिवशी भीत भीत तो खांब शोधला. शेजारच्या देवाचा चेहरा आणखी झिजलाय, माझं नाव मात्र स्पष्ट!

पोरगा मागे येऊन उभा राहिला. एकेक अक्षर लावत त्याने नाव वाचलं.

"काका, हा कुठला राजा?"