शेगडीची निवड आणि पऱ्हाटीची गंजी

स्वयंपाकासाठी गॅस बरा की वीज, हा प्रश्न बहुधा घरखर्चाचा मानला जातो. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असे वाचकांस वाटेल. त्याचे कारण कापूस पट्ट्यातील घराघरांच्या अंगणात रचलेले असते, ते म्हणजे पऱ्हाटीची गंजी.

हंगाम संपल्यावर उपटलेली पऱ्हाटी सरपण म्हणून साठवली जाते. तिच्यावरील किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत तग धरते. चुलीत गेलेल्या पऱ्हाटीबरोबर अळीही जळते. धोका असतो तो पावसाळ्यापर्यंत उरलेल्या गंजीचा. तिच्यातून निघालेले पतंग नव्या कपाशीवर अंडी घालतात आणि शेतात डोमकळ्या दिसू लागतात. २०१७ च्या हंगामात या किडीने महाराष्ट्रात केलेली हानी आपण विसरलेलो नाही.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि खेडोपाडी गॅस पोहोचला. तरीही अनेक अंगणांत गंजी कायम आहे. सिलिंडरची रक्कम एकदम मोजावी लागते. ती हाताशी नसली की चूल पेटते. अशा वेळी इंडक्शन शेगडीचा आधार होऊ शकतो.

हिशेब सोपा आहे. १४.२ किलो गॅसमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. शेगडीवर तिच्यातील साधारण ६० टक्के भांड्याला मिळते, असे धरू. इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के उष्णता कामी येते. म्हणजे एका सिलिंडरचे काम साधारण १२५ युनिट विजेत होते. आपल्या सिलिंडरच्या किमतीला १२५ ने भागावे. वीजदर त्याहून कमी असल्यास इंडक्शन स्वस्त पडते. मात्र वापर वाढल्यावर वीजबिलाच्या ज्या टप्प्यात आपण जाऊ, त्या टप्प्याचा दर धरावा.

इंडक्शनच्या मर्यादाही आहेत. भांडे सपाट बुडाचे व चुंबक चिकटणारे हवे. स्वतंत्र सॉकेट आणि चांगले अर्थिंग हवे. भाकरी फुगवायला ज्योतच लागते. वीज गेली की शेगडी थंड.

म्हणून माझे मत असे की, कापूस उत्पादकाच्या घरी या दोहोंपैकी एकाची निवड करू नये. चहा, दूध, भात, वरण इंडक्शनवर आणि भाकरी गॅसवर केल्यास सिलिंडर अधिक काळ पुरेल व सरपणाची गरज घटेल. सरपणाला पर्याय मिळाल्याशिवाय 'पऱ्हाटी साठवू नका' हा आमचा सल्ला गृहिणीच्या दृष्टीने अपुराच राहतो. पर्याय मिळाला की फरदड न घेता, पऱ्हाटी वेळीच श्रेडरने बारीक करून तिचे कंपोस्ट करणे शक्य होईल. बोंडअळीच्या व्यवस्थापनात कामगंध सापळ्यांइतकेच स्वयंपाकघरालाही स्थान दिले पाहिजे.