पाणी, वीज आणि राष्ट्रसुरक्षा
नीरा डावा कालवा १८८५पासून बारामती-इंदापूरचे शिवार भिजवतो आहे. पूर्ण भरलेल्या उजनीचे ११७ टीएमसी पाणी इंदापूरच्या गावांना येऊन टेकते. शत्रूला येथे सैन्य धाडण्याचे कारण नाही. उपसा पंपांची वीज तोडली तरी पुरे! १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात बुडाली. राज्याच्या सायबर विभागाला घातपाताचा संशय आला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. हा वाद निर्णायकपणे मिटवणारे संयुक्त संशोधन कोठे आहे? केंद्राने २०१४मध्ये स्वतंत्र यंत्रणा उभारली, आयआयटी कानपूरमध्ये संशोधनही चालते. परंतु बारामतीच्या उसासाठी ऑक्सफर्डचे सहकार्य मिळते, तर कालव्यासाठी पाटबंधारे खाते, महावितरण आणि स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालये एकत्र का बसू नयेत?